बेतलेलं मांजर

मॉरिस हर्शफील्डच्या ‘अँगोरा कॅट’ या चित्राचं वर्णन एका ओळीत करता येतं: सोफ्यावर बसलेलं एक केसाळ, फिकट रंगाचं मांजर. चित्र निवांत पाहू लागलं की मात्र ते मांजर सोफ्यावर बसल्यासारखं वाटेनासं होतं. एवढा थोरला देह, एवढी दाट लव, आणि खालच्या बैठकीला त्याचा भार म्हणून जाणवत नाही. मांजराला वजनच नाही. पसरलेल्या कापडावर कागदी नमुना ठेवावा, तसं ते सोफ्यावर ठेवलेलं आहे. अंग आडवं पसरलेलं, तोंड मात्र सरळ आपल्याकडे, आणि त्या तोंडात दोन गोल डोळे.

मांजर पाळणाऱ्यांना ठाऊक असतं की ते आपल्याकडे बघतं तेव्हा पुष्कळदा आपल्या पलीकडचं काहीतरी बघत असतं. हर्शफील्डचं मांजर आपल्यालाच बघतं, आणि बघायचं थांबत नाही. आपल्या नजरेला चित्रात आत शिरून दुसरीकडे निघून जायला वाट नाही, कारण या खोलीला खोलीच नाही. मागची पार्श्वभूमी सोफ्याला लागून उभी आहे, सोफा मांजराला लागून आहे. सगळं एकाच पातळीवर येऊन थांबलेलं. त्यामुळे नजर कुठूनही फिरून आली तरी पुन्हा त्या दोन वर्तुळांशी येऊन टेकते.

आणि मग ती लव. चित्रकलेच्या शाळेत शिकलेला माणूस मांजराची लव रंगवताना आधी उजेड आणि सावली यांचे मोठे भाग पाडतो, मग चार-दोन ठिकाणी केसांची टोकं दाखवतो आणि उरलेलं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवतो. हर्शफील्ड काहीही सोपवत नाही. एकेक केस त्यानं ओढला आहे. शेजारच्या रेघेला धरून दुसरी रेघ, तिला धरून तिसरी, अशा रेघा अंगावरून एका वळणानं उतरत जातात. ही लव वाऱ्यानं विस्कटलेली नाही, जिभेनं चाटून बसवलेलीही नाही. तिला दिशा आहे. ती दिशा कुणीतरी ठरवून दिलेली आहे. मला या चित्राचं सगळं मर्म या दिशेत दिसतं. ते समजून घ्यायचं तर आधी हा माणूस काय करत होता ते पाहावं लागतं.

हर्शफील्डनं हे मांजर रंगवायला घेतलं ते १९३७ साली, वयाच्या ६५ व्या वर्षी, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन भागातल्या आपल्या घरी. तोवर तो सपातांचा कारखानदार होता. बायकांनी घरात, शेजघरात घालायच्या मऊ, नटव्या सपाता त्याच्या ‘ई-झी वॉक’ कंपनीत तयार व्हायच्या. भरभराटीच्या दिवसांत तिथं ३०० माणसं कामाला होती. पुढे तब्येतीनं साथ सोडली, धंदा सोडावा लागला, आणि दिवसच्या दिवस हाती रिकामे आले. त्यानं घरातल्या भिंतीवर टांगलेली जुनी चित्रं खाली काढली आणि त्यांच्यावरच रंग चढवायला सुरुवात केली. एकावर हे मांजर आलं, दुसऱ्यावर समुद्रकिनाऱ्यावर उभी असलेली एक मुलगी, ‘बीच गर्ल’. या दोन चित्रांवर त्याची दोन वर्षं गेली. मनाला काय हवं ते पक्कं ठाऊक होतं, हातांना ते उतरवता येत नव्हतं, अशी या काळाची हकिकत त्यानं पुढे स्वतःच सांगून ठेवली आहे.

हे मी फार महत्त्वाचं मानतो. निवृत्तीनंतर विरंगुळा म्हणून ब्रश हाती घेणारी माणसं पुष्कळ असतात, आणि त्यांच्या आनंदाला कुणी नावं ठेवू नयेत. पण विरंगुळ्याच्या चित्राला दोन वर्षं लागत नाहीत. जे जमलं ते ठेवून माणूस पुढच्या चित्राकडे वळतो. ज्याला नेमकं काय हवं ते दिसतं आहे आणि त्याहून कमी काहीही चालणार नाही, तोच एका मांजरापाशी इतका अडून बसतो. कारखान्यातला नमुना पसंत पडेपर्यंत पुन्हा पुन्हा मोडणाऱ्या माणसाचा हा हट्ट आहे.

त्याच्या आयुष्यात चित्रांच्या आधी लाकूड होतं. १८७२ साली रशियन अमलाखालच्या पोलंडमध्ये एका ज्यू घरात तो जन्मला. पुरीमच्या सणात सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, वाचनात दुष्ट हामानचं नाव आलं की ते बुडवून टाकायला मुलं लाकडी खेळणं करकर वाजवतात. कोवळ्या वयात त्यानं असं एक कोरीव खेळणं केलं. मग चौदाव्या वर्षाच्या सुमारास सिनेगॉगसाठी सहा फुटांच्या आसपास उंचीचं प्रार्थनेचं कोरीव मेज तयार केलं. त्यावर सिंह होते. पूर्व युरोपातल्या ज्यू कोरीवकामात धर्मसंहितेच्या दोहो बाजूंना सिंह उभे करायची जुनी रीत आहे. अठराव्या वर्षी तो अमेरिकेला गेला आणि हे कोरीवकाम तिथंच थांबलं.

इथून पुढची गोष्ट सांगणारे सहसा एक सोपं वळण घेतात. बालपणीची कला, मधली व्यापाराची रुक्ष वर्षं, म्हातारपणी पुन्हा कला. जणू मधली वर्षं कोऱ्या पानांसारखी उलटून टाकायची. मला हे पटत नाही, आणि माझ्या बाजूनं साक्ष चित्रंच देतात. त्या वर्षांत त्यानं काय केलं ते बघा. अमेरिकेत तो बायकांच्या कोटांच्या कारखान्यात लागला. तिथं कोटांचे नमुने काढण्याचं काम त्याच्याकडे आलं. मग भावाबरोबर कोटांचा स्वतःचा धंदा, आणि त्यानंतर सपाता. म्हणजे कागद, कापड, कातर, फर्मा आणि बाईच्या अंगाची मापं यांत त्याची चाळीसहून अधिक वर्षं गेली. हे चित्रशाळेपेक्षा कमी शिक्षण आहे असं कोण म्हणेल?

नमुना काढणारा माणूस जगाकडे कसा बघतो याचा थोडा विचार करू. त्याच्यासमोर एक गोल, भरीव, हालतं अंग आहे. त्या अंगावर चढायचा कोट त्याला सपाट कागदावर आणायचा आहे. म्हणून तो अंगाचे तुकडे पाडतो: पाठ, दोन बाजू, दोन बाह्या, गळपट्टी. प्रत्येक तुकड्याला स्पष्ट, बंद कड असते. सपाट तुकड्याच्या हद्दीत ‘साधारण असं’ नसतं, रेघ एक तर बरोबर असते नाहीतर कोट अंगावर बसत नाही. मग हे तुकडे कापडावर मांडायचे. त्याला आपल्याकडे बेतणं म्हणतात. बेतताना दोन गोष्टींचं भान सुटता कामा नये. एक, कापडाचा मधला भाग वाया जाऊ द्यायचा नाही, बाहीच्या वळणाच्या पोटात गळपट्टी बसवायची, कोपऱ्यात खिशाची पट्टी. दुसरं, मखमलीसारख्या लवदार कापडाला अंगचीच एक दिशा असते. हात एका बाजूनं फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर खरखरीत. एक तुकडा जरी उलट्या लवेत कापला गेला तरी तयार कोटात तो वेगळ्याच रंगाचा दिसतो, कारण उजेड त्याच्यावर वेगळा पडतो. अख्खा कोट फुकट जातो.

आता पुन्हा मांजराकडे या. त्याची कड कातरीनं काढल्यासारखी आहे, कुठेही विरघळत नाही. त्याच्या अंगावरच्या लवेला एक दिशा आहे आणि ती चुकत नाही. सोफ्याची कलाकुसर, मागची जागा, सगळं भरलेलं, नक्षीला आलेलं. रिकामं म्हणून काही सोडलेलं नाही. आणि हे सगळे तुकडे एकमेकांवर सावली टाकत नाहीत, एकमेकांना जोडून असतात. ज्याला आपण चित्रातला सपाटपणा म्हणतो तो इथं अज्ञानातून आलेला नाही. भरीव गोष्ट सपाट कशी करावी हे या माणसाला तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तेच त्याचं आयुष्यभराचं काम होतं.

कामाची पद्धतही त्यानं कारखान्यातून तशीच उचलली. तो आधी चित्राच्याच मापाचं पूर्ण रेखाटन कागदावर करी, त्यात बदल करून करून रेघ पक्की करी आणि मग ते कॅनव्हासवर उतरवी. कागदावरचा निर्णय झाला की कापडाला हात. रंग हाताशी घेऊन कॅनव्हासवरच काय सुचेल ते शोधत जायचं, ही आधुनिक चित्रकारांची लाडकी वाट त्याला मानवणारी नव्हती. महागडं कापड समोर असताना कुणी कातर हातात घेऊन विचार करत बसत नाही. विचार आधीच संपलेला असावा लागतो. त्याच्या चित्रांतली ती विलक्षण निश्चिती, ती जराही न डगमगणारी बाह्यरेषा, मला इथून आलेली वाटते.

१९४० मधला त्याचा ‘टायगर’ पाहताना हीच निश्चिती अधिक धीट झालेली दिसते. वाघ आडवा उभा आहे, चेहरा आपल्याकडे. त्याचे पट्टे अंगाच्या गोलाईमागे जात नाहीत, अंगावर मांडलेले आहेत, आणि भोवतालची झाडंपानंही त्याच शिस्तीत, एकाच हातानं विणल्यासारखी. वाघाच्या चेहऱ्यावर हिंस्रपणा नाही. आहे ते एक प्रकारचं पदाचं गांभीर्य. रानातला वाघ हर्शफील्डला बघायला मिळणार नव्हता. पण सिनेगॉगमधल्या लाकडात त्यानं लहानपणी जे सिंह कोरले, त्यांचं काम शिकार करण्याचं नव्हतंच. पवित्र वस्तूच्या बाजूला जागेवर उभं राहण्याचं होतं. हा वाघही तसाच नेमणुकीवर उभा आहे. लाकडातली ती आठवण आणि कापडातलं ते शिक्षण या चित्रात एकत्र येतात, आणि म्हणून या माणसाचं कलेकडे ‘परत येणं’ मला सरळ वाटत नाही. लाकूड कोरणारा मुलगा परत आलाच, पण तो कोटांच्या आणि सपातांच्या कारखान्यातून, तिथलं सगळं शिकून आला.

त्याच्या नावाला चिकटलेल्या थट्टेकडे आता वळलं पाहिजे. १९४३ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याच्या एकट्याच्या चित्रांचं प्रदर्शन झालं तेव्हा समीक्षक त्याच्यावर तुटून पडले. त्याच्या चित्रांतल्या बायकांची पावलं पाहून त्याला दोन डाव्या पायांचा उस्ताद असं नाव पडलं. पावलं खरोखरच तशी आहेत. दोन्ही एकाच बाजूला वळलेली, दोन्हींचा आकार एकच, आणि आपण अंगठा शोधू लागलो की दोन्ही डावीच निघतात. ज्याला उजवाडावा पाय कळत नाही तो कसला चित्रकार, असा त्या थट्टेचा रोख होता.

पण हा माणूस सपाता बनवत होता! पादत्राणांच्या रचनेची पेटंट्स त्याच्या नावावर होती. उजवा पाय आणि डावा पाय यांतला फरक साऱ्या न्यूयॉर्कमध्ये मोजक्या माणसांना त्याच्याइतका बारकाईनं माहीत असेल. उजव्या पायाचा वरचा भाग कापायचा तर डाव्याचा नमुना उलटा करून ठेवायचा, हे त्यानं हजारो वेळा केलं किंवा करवून घेतलं असणार. अशा माणसाच्या चित्रात पुन्हा पुन्हा दोन डावी पावलं येत असतील, तर ते न कळल्यामुळे आलेलं नाही एवढं तरी मान्य करावं. मला वाटतं, त्याला पावलांच्या जोडीपेक्षा आकाराची पुनरावृत्ती हवी होती. उजवं आणि डावं पाऊल समोरासमोर आलं की त्यांच्यामध्ये एक उघडमीट होणारी जागा तयार होते, बाई तिथं उभी राहते, भार तोलते, तिला जमीन लागते. दोन्ही पावलं एकाच दिशेला लावली की ती काठाच्या वेलबुट्टीसारखी पुढे सरकतात आणि बाईला जमिनीची गरज उरत नाही. मांजराचं वजन जसं सोफ्यावर पडलं नाही, तसंच या बायकांचं वजन जमिनीवर पडत नाही. थट्टा करणारे एका पावलाचं शरीरशास्त्र तपासत बसले आणि अख्खं चित्र कशाच्या आधारावर उभं आहे ते बघायचं राहून गेलं.

१९४३ मधलंच ‘टू विमेन इन फ्रंट ऑफ अ मिरर’ हे चित्र आज व्हेनिसला कलासंग्राहक पेगी गुगेनहाइम यांच्या संग्रहात आहे. हे मोठं चित्र आहे, रुंदीला दीड मीटरच्या जरा वर. दोन स्त्रिया आरशासमोर साजशृंगारात गुंतल्या आहेत. त्या आपल्याला पाठमोऱ्या दिसतात. आरशात त्यांचे चेहरे दिसतील म्हणून आपण वर बघतो, तर आरशातही पाठच. आरशानं आपलं काम नाकारलं आहे. दोन स्त्रिया आणि त्यांची दोन प्रतिबिंबं, चौघीही आपल्याकडे पाठ करून.

अतिवास्तववादी मंडळींना असं चित्र का आवडावं हे सांगायला नको. स्वप्नात आरसा असाच वागतो. त्या अर्थाला माझी हरकत नाही, चित्र तो अर्थ सहज पेलतं. पण मला या आरशात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती कुठल्याही स्वप्नाइतकीच खरी आहे. घरातला आरसा चेहरा बघायला असतो. कोटाच्या दुकानातला आरसा पाठ बघायला असतो. नवा कोट अंगावर चढवलेली बाई समोरून स्वतःला बघतेच, पण तिची खरी शंका मागची असते: खांद्यांमध्ये चुणी पडते का, कमरेला नीट बसला का, खालचा घेर सरळ आहे का. ते तिला स्वतःला दिसत नाही. म्हणून दुकानात एकाला लागून दुसरा, तिसरा आरसा तिरका लावलेला असतो, जेणेकरून तिला तिची पाठ दिसावी. वर्षानुवर्षं बायकांच्या कोटांचा धंदा केलेल्या माणसाच्या मनात आरसा म्हणजे पाठ दाखवणारी वस्तू असेल, तर त्यात नवल कसलं? हर्शफील्डचा हा आरसा भौतिकशास्त्राचा नियम मोडतो आणि दुकानाचा नियम पाळतो. त्या स्त्रियांच्या अंगावर कोट नाही, पण त्यांच्याकडे बघणारी नजर मापं घेणाऱ्याचीच आहे. ती नजर वखवखलेली नाही. तिला त्या पाठीचा घाट बरोबर उतरायला हवा आहे, एवढंच.

त्याच्या विवस्त्र स्त्रियांबद्दल एरवीही हेच म्हणता येईल. त्या पुष्कळदा दोन बाजूंना सरकवलेल्या पडद्यांमध्ये, झालरींमध्ये उभ्या असतात. त्यांची त्वचा गुळगुळीत, जवळजवळ कोरी; सगळा साज आजूबाजूच्या कापडाला. पडद्याचा काठ अंगाच्या वळणाला उत्तर देतो. कापडाला अंग आहे आणि अंगाला कापडाची शिस्त आहे. बाई आणि पडदा यांत मुख्य कोण, हे चित्र सांगत नाही. ज्या हातांनी आयुष्यभर एकाला दुसऱ्यावर बसवलं, त्यांनी शेवटी दोघांना शेजारी शेजारी उभं केलं आणि समान मान दिला.

हर्शफील्डला ओळखणारी नजरही कापडाच्या धंद्यातूनच आली, ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते. सिडनी जॅनिस हे शर्टांचे उत्पादक होते. दोन खिशांच्या शर्टानं त्यांना पैसा मिळवून दिला आणि त्या पैशातून त्यांनी आधुनिक चित्रं जमवली. १९३९ साली ते म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टसाठी अज्ञात अमेरिकी चित्रकारांचं प्रदर्शन जुळवत होते. न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत भिंतीकडे तोंड करून ठेवलेली दोन चित्रं त्यांच्या नजरेस पडली. त्यांतलं एक त्यांनी फिरवलं आणि ते दोन गोल डोळे समोर आले. मांजर आणि किनाऱ्यावरची मुलगी, दोन्ही त्या प्रदर्शनात लागली. त्याच प्रदर्शनात ग्रँडमा मोझेस यांचीही चित्रं होती, ज्या पुढे अमेरिकेच्या घराघरांत पोचल्या. दोघांचं नाव एका दमात घ्यायची सवय आहे, पण दोघांत फार अंतर आहे. मोझेस यांना शेतावरचं आयुष्य, बर्फातली गावं, सुगीची धांदल सांगायची आहे. त्यांचं चित्र गोष्ट सांगतं. हर्शफील्डला सांगायला गोष्ट नाही. त्याला एक आकार पुरा करायचा आहे.

म्हणूनच कदाचित त्याच्याकडे ओढली गेलेली माणसं इतक्या वेगवेगळ्या घराण्यांची होती. न्यूयॉर्कला येऊन राहिलेल्या मोंद्रियानला त्याची चित्रं आवडत. ज्याच्या स्वतःच्या चित्रात उभ्याआडव्या रेघांपलीकडे काहीही शिल्लक ठेवलेलं नव्हतं, त्याला. आंद्रे ब्रेतोंच्या अतिवास्तववादी मंडळींनी त्याला आपला मानलं. १९४२ मध्ये त्यांच्या न्यूयॉर्कमधल्या मोठ्या प्रदर्शनात त्याला जागा मिळाली. मार्सेल द्युशाँनं त्या दालनांत सगळीकडे दोरा ताणून जाळं करून ठेवलं होतं, लोकांना चित्रांपर्यंत पोचायला त्या दोऱ्यांतून बघावं लागे. प्रत्येकानं हर्शफील्डमध्ये आपल्याला हवं ते पाहिलं, आणि ते प्रत्येकाला सापडलंही. तो स्वतः ब्रुकलिनमध्ये रेखाटनं पक्की करत बसलेला होता.

म्युझियमला मात्र तो महाग पडला. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये आल्फ्रेड बार यांना संचालकपदावरून दूर करण्यात आलं. विश्वस्तांच्या अध्यक्षांची त्यांच्यावर जी नाराजी साठली होती, तिच्यात हर्शफील्डच्या प्रदर्शनाचा वाटा होता. आधीच्या वर्षाअखेरीस बार यांनी जो मिलोन या माणसानं सजवलेला बूटपॉलिशचा ठेलाही म्युझियमच्या दर्शनी भागात मांडला होता, तोही खुपलेला होता. एका सपातावाल्याचं आणि एका बूटपॉलिशवाल्याचं काम आधुनिक कलेच्या घरात कशाला, हा सवाल तेव्हाच्या पुष्कळ सुसंस्कृत लोकांना पूर्ण न्याय्य वाटला. शिकून आलेल्या हातालाच चुकायचा अधिकार आहे; त्यानं आकार मोडला की ती शैली, आणि न शिकलेल्यानं मोडला की ते अज्ञान, हा दुजाभाव तेव्हा होता आणि आजही पुरता गेलेला नाही.

आपल्याकडे या संदर्भात मला भूपेन खख्खर आठवतात. मुंबईच्या खेतवाडीत वाढलेले, सनदी लेखापाल झालेले, १९६२ मध्ये बडोद्याला गेलेले आणि चित्रकार म्हणून नाव झाल्यावरही बरीच वर्षं अर्धवेळ हिशेबाची नोकरी करत राहिलेले. रेषेचं रीतसर शिक्षण त्यांनाही नव्हतं आणि त्यांच्या आकृत्यांच्या अवघडलेपणावरही बोट ठेवलं गेलं. पण खख्खरांनी धंदा चित्राच्या विषयात आणला. १९७२ च्या ‘जनता वॉच रिपेअरिंग’मधला घड्याळजी, ‘डीलक्स टेलर्स’मधला शिंपी, ‘बार्बर्स शॉप’मधला न्हावी, छोट्या दुकानांचं, छोट्या मिळकतीच्या माणसांचं सगळं एकाकी वैभव त्यांच्या कॅनव्हासवर आलं. हर्शफील्डच्या गाजलेल्या चित्रांत दुकान नाही, कारखाना नाही, कामगार नाही. मांजरं, वाघ, सिंह, झेब्रे, पडद्यांतल्या स्त्रिया आहेत. त्याचा धंदा विषयात आला नाही, रेघेत आला. खख्खर आपल्या जगाकडे वळून बघतात, हर्शफील्ड आपल्या जगातल्या हातांनी दुसरंच काहीतरी बघतो. मला दोन्ही वाटा तितक्याच सच्च्या वाटतात. फक्त दुसरी ओळखायला जरा वेळ लागतो, कारण तिच्यात कथानक हाती लागत नाही.

वयाच्या ६५ ते ७४ या काळात, मरेपर्यंत, त्यानं सत्तराहून अधिक चित्रं केली. पहिल्या दोन चित्रांना दोन वर्षं घेणाऱ्या माणसाच्या मानानं हा वेग मोठा आहे, पण घाईची खूण कुठे दिसत नाही. १९४६ साली तो गेला, पुढच्या वर्षी पेगी गुगेनहाइम यांनी आपल्या गॅलरीत त्याचं स्मृतिप्रदर्शन भरवलं, आणि मग हळूहळू त्याचं नाव मागे पडलं. चित्रं नाहीशी झाली नव्हती. ‘अँगोरा कॅट’ आणि ‘टायगर’ आजही म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहेत. पण न शिकलेल्या चित्रकारांचा एक वेगळा कप्पा करून त्यात त्यांना ठेवून दिलं की मुख्य इतिहासात त्यांची आठवण काढायची गरज पडत नाही.

२०२२ मध्ये कला-इतिहासकार रिचर्ड मेयर यांनी त्याच्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला, आणि न्यूयॉर्कच्या अमेरिकन फोक आर्ट म्युझियममध्ये मोठं प्रदर्शन झालं. मेयर यांनी ग्रंथाच्या नावात ती दोन डाव्या पायांची थट्टाच घेतली आणि तिचा मान करून टाकला. त्या प्रदर्शनातली मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट चित्रांची नव्हती. हर्शफील्डच्या कारखान्यात तयार झालेल्या सपाता घालून घालून झिजल्या, फेकल्या गेल्या. सपाता कोण जपून ठेवतं? म्हणून एका समकालीन कलावतीकडून त्याच्या पेटंटांमधल्या आकृत्यांवरून त्या नव्यानं घडवून घेतल्या आणि चित्रांच्या बरोबरीनं मांडल्या. चित्रं बघून मग सपातांकडे वळण्यापेक्षा आधी सपाता बघाव्यात, त्यांच्या कडेचा गोट, वरची वेलबुट्टी आणि पावलाचं वळण नीट न्याहाळावं, आणि त्याच नजरेनं मांजराच्या पाठीवरून उतरणारी लव बघावी, असं मी कुणालाही सांगेन.